आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : भिलाईतील अग्निशमन केंद्राच्या जागेचा प्रश्न

१. म्हण आणि तिच्यातील अंतर

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. गावांच्या नावांची अदलाबदल करूनही ती ऐकू येते आणि त्यामुळे अर्थात काहीच फरक पडत नाही. कारण म्हणीचा आशय या दोन गावांपैकी कोणत्याही एकात नसून त्यांच्यामधील अंतरात आहे. उपाय उपलब्ध आहे, परंतु तो जिथे हवा तिथे नाही, एवढीच तक्रार तिने नोंदवली आहे. ‘बंब’ हा शब्द पाणी उपसण्याच्या यंत्राला असलेल्या पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दावरून मराठीत आला, असे मानले जाते. तसे असेल तर या म्हणीच्या वयालाही एक मर्यादा पडते. आग विझवण्याचे यंत्र आले, ते कुठेतरी एका ठिकाणी ठेवावे लागले आणि तेथून आगीच्या ठिकाणापर्यंत न्यावे लागले, त्यानंतरच अशी म्हण संभवते. घागरीने पाणी ओतणाऱ्या गावात ती जन्माला आली नसती.

शेजारच्या भाषांतील शब्दही लक्षात घेण्याजोगे आहेत. गुजरातीत ‘बंबो’ आहे, तर हिंदीत ‘दमकल’ हा शब्द रुळला आहे. ‘दम’ म्हणजे श्वास आणि ‘कल’ म्हणजे यंत्र. जोराने फुंकणाऱ्या, उपसणाऱ्या यंत्राचे ते वर्णन आहे. हे शब्द वस्तूला नाव देतात, तिच्या ठिकाणाला देत नाहीत. ‘अग्निशमन केंद्र’ हा शासकीय मराठीतील पुढच्या काळचा शब्द. त्यातील ‘केंद्र’ हे पद ग्रीक ‘केंत्रॉन’वरून ज्योतिषशास्त्राच्या मार्गाने संस्कृतात आले. केंद्र म्हटले की वर्तुळ आलेच. अग्निशमन केंद्राची जागा ठरवताना नकाशावर वर्तुळेच काढली जातात. पण वर्तुळ कोणाभोवती काढायचे, हा प्रश्न भूमितीच्या आधी सुटलेला असतो. तो कोण सोडवतो आणि कशाच्या आधारे, याचा शोध घेण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे नगर विशेष उपयुक्त आहे. तेथे एकाच नकाशावर दोन वर्तुळे आहेत : एक पोलाद कारखान्याचे आणि दुसरे नगरपालिकेचे.

२. केंद्राविना व्यवस्था

हा प्रश्न आधुनिक आहे, हे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’शी तुलना केली असता स्पष्ट होते. १९०९ साली आर. शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात नगरप्रमुखाच्या कर्तव्यांचा विचार करताना आगीविषयी सविस्तर नियम दिले आहेत. प्रत्येक घरात पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, चामड्याची पखाल अशी साधने असावीत. रस्त्यांवर, चौकांत, वेशींवर आणि राजवास्तूंपाशी हजारोंच्या संख्येने पाण्याचे घट मांडून ठेवावेत. गवताची व चटयांची छपरे काढून टाकावीत. अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांनी एकाच भागात वस्ती करावी. आग लागली असता मदतीला न धावणाऱ्या घरमालकाला बारा पण आणि भाडेकरूला सहा पण दंड सांगितला आहे.

या नियमांत धोका एकवटला आहे आणि उपाय विखुरला आहे. लोहार, कुंभार एकत्र. पाणी मात्र सर्वत्र. आग विझवणे हे प्रत्येक रहिवाशाचे कर्तव्य असल्यामुळे ‘जागा कोणती’ हा प्रश्नच उद्भवत नाही. दंडाची रक्कम मालकीप्रमाणे बदलते, म्हणजे ज्याचे नुकसान अधिक त्याची जबाबदारी अधिक, हे तत्त्वही त्यात आहे. पुढे यंत्र आले, यंत्र चालवणारे पगारी दल आले आणि कर्तव्य नागरिकाकडून संस्थेकडे गेले. धोका विखुरला आणि उपाय एकवटला. तेव्हापासून या दोहोंमधील अंतर हा नगरनियोजनाचा आणि त्याचबरोबर नागरिकत्वाचाही प्रश्न झाला.

३. कोणाची आग? लंडन आणि मुंबई

दल संस्थेचे झाले की ते संस्थेच्या हिताप्रमाणे उभे राहते, याचे ठळक उदाहरण लंडनचे आहे. १८३३ साली तेथील विमा कंपन्यांनी आपली स्वतंत्र दले एकत्र करून जेम्स ब्रेडवुड यांच्या नेतृत्वाखाली एक संयुक्त दल उभारले. विमा उतरवलेल्या मालमत्तेचे रक्षण हा त्याचा प्रधान हेतू असल्यामुळे व्यापारी पेठा आणि नदीकाठची गोदामे यांना त्यात महत्त्व होते. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील गोदामांना लागलेल्या आगीत स्वतः ब्रेडवुड मृत्युमुखी पडले. झालेली हानी इतकी मोठी होती की हा भार यापुढे आपल्याला पेलणार नाही, असे कंपन्यांनी सरकारला कळवले. १८६५ च्या कायद्याने महानगराचे सार्वजनिक अग्निशमन दल निर्माण झाले आणि केंद्रांचे जाळे उपनगरांकडे पसरू लागले. वर्तुळ गोदामाभोवतीचे सुटून वस्तीभोवती आले ते असे. त्यासाठी कोणी नवे गणित मांडले नव्हते. जबाबदारीचा धनी बदलला होता.

मुंबईचा इतिहास याला समांतर असला तरी त्याची सुरुवात वेगळी आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्यातील दाट वस्तीला लागलेली आग पसरू नये म्हणून मधली घरे तोफांनी पाडावी लागली. या आगीनंतर किल्ल्याबाहेर नवी वस्ती वसवण्याला गती आली. आगीवरचा तत्कालीन उपाय अंतर निर्माण करणे हा होता, आणि ते अंतर कोणी सोडावे हे लष्करी गरजेने ठरले. शतकाच्या उत्तरार्धात आग विझवण्याचे काम पोलिसांकडे होते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन दल राखणे हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले आणि आगीचा प्रश्न कायदा-सुव्यवस्थेतून नागरी सेवेत आला.

तरीही शहराच्या आत दुसऱ्या मालकीची बेटे राहिलीच. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. दुपारी दीडच्या सुमारास धूर दिसला. चारनंतर पहिला प्रचंड स्फोट झाला आणि त्यापाठोपाठ दुसरा. बंब वेळेवर पोहोचले होते. दलाचे ६६ जवान तेथेच प्राणास मुकले. उणीव अंतराची नव्हती. जहाज बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, याचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हेच त्या अडीच तासांत ठरले नाही. लष्कर, बंदर, जहाजाचे अधिकारी आणि नगराचे दल अशा चार सत्ता एका धक्क्यावर उभ्या होत्या. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो या जवानांच्या स्मरणार्थ. त्या दिवसाचा दुसरा धडा अधिकारक्षेत्राचा आहे. केंद्राची जागा योग्य असणे पुरेसे नसते. फाटकाच्या आत कोणाचा शब्द चालेल, हेही आधीच ठरलेले असावे लागते. भिलाईकडे वळताना हा धडा सोबत ठेवावा लागतो.

४. भिलाई : एक नगर, दोन वर्तुळे

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. हिंदी आणि मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. त्याआधी सुमारे शतकभर, नागपूरच्या भोसल्यांच्या अमलाखाली, हा मुलुख मराठी दप्तराशी जोडलेला होता. विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये आजही सरकारी गावठाण जमिनीला ‘नजूल’ हा एकच शब्द वापरला जातो, तो या सामायिक महसुली इतिहासाचा अवशेष होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली. त्याच सुमारास, १९५६ साली रामपूर येथे स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ मध्ये नागपूरला आले. ज्या शहरातून भिलाईचा कारभार नुकताच उठला होता, त्याच शहरात देशाचे अग्निशमन अधिकारी घडू लागले.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रारंभी वर्षाला दहा लाख टन पोलादाची क्षमता असलेल्या या कारखान्याबरोबर आखीव ‘सेक्टरां’ची वसाहत उभी राहिली : रुंद रस्ते, झाडी, शाळा, रुग्णालय, नळाचे पाणी. कारखान्याचे स्वतःचे अग्निशमन दल होते. झोतभट्टी, कोक भट्ट्या आणि ज्वलनशील वायूंच्या वाहिन्या असलेल्या ठिकाणी ते अपरिहार्यच होते. कौटिल्याच्या भाषेत सांगायचे तर अग्निजीवींची वस्ती एकत्र आली आणि तिच्या पाण्याची सोयही तिच्याजवळच झाली.

मात्र कारखाना बांधायला आलेले सर्वजण सेक्टरांत राहायला गेले नाहीत. मुंबई–हावडा लोहमार्ग आणि त्याला समांतर जाणारा ग्रेट ईस्टर्न रस्ता या दोन रेषांनी भिलाईचे आडवे विभाजन केले आहे. लोहमार्गाच्या दक्षिणेस कारखान्याची वसाहत. उत्तरेस सुपेला, कोहका आणि ‘कॅम्प-१’, ‘कॅम्प-२’ या वस्त्या. ‘कॅम्प’ या नावातच छावणीचे तात्पुरतेपण आहे. छावण्या गेल्या, नाव आणि माणसे राहिली. दुकाने, गोदामे, लहान कारखाने आणि दाट घरे या बाजूला वाढली. मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईविषयीच्या दीर्घ अभ्यासात (२०२०) कारखान्याचा कायम कामगार आणि बाहेरचा असुरक्षित कामगार हे दोन वेगळे वर्ग असल्याचे दाखवले आहे. तीच विभागणी भूगोलातही वाचता येते. एका बाजूच्या घरामागे कारखान्याची संपूर्ण व्यवस्था उभी होती. दुसऱ्या बाजूच्या घरामागे पाण्याची एक टाकी आणि शेजारी.

या दुसऱ्या बाजूला निवडून आलेली नागरी सत्ता फार उशिरा मिळाली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोगा विषय म्हणून आला. भिलाई नगर निगम १९९८ मध्ये अस्तित्वात आला, म्हणजे पहिल्या झोतभट्टीनंतर जवळजवळ चार दशकांनी. निगमाच्या हद्दीत वसाहतही आली, परंतु वसाहतीतील जमीन कारखान्याचीच राहिली. एका हाताकडे कर्तव्य आणि दुसऱ्या हाताकडे जमीन, अशी ही रचना आहे. सार्वजनिक केंद्रासाठी जागा शोधताना पहिला शोध नजूल जमिनीचा घ्यावा लागतो, आणि ती जिथे मिळते तिथेच गरज असेल असे नाही. म्हणीतील रामेश्वर आणि सोमेश्वर येथे मालकीच्या रूपाने अवतरतात.

५. मिनिटे, वर्तुळे आणि फाटक

केंद्रांच्या संख्येविषयी नियम आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार मंडळाने शहरी भागात दर १० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र आणि ५ ते ७ मिनिटांचा प्रतिसादकाळ अशी शिफारस केली. १९९६ च्या नगरविकास मार्गदर्शक सूत्रांनी २ लाख लोकसंख्येमागे एक केंद्र, १ ते ३ किलोमीटरच्या आत, आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या आवश्यक निवासासह १ हेक्टर जागा असा निकष दिला, उपकेंद्रासाठी ०.६ हेक्टर. २०११ च्या जनगणनेत भिलाई निगमाची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास होती. या हिशेबाने किमान तीन केंद्रे लागतात. पुढे रिसाली हा वेगळा निगम झाला आणि हद्दी बदलल्या, तरी लोकसंख्येचा भार तोच राहिला.

या नियमांमागचे गणित सोपे आहे. दाट रस्त्यावर बंबाचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर ५ मिनिटांत तो अडीच किलोमीटर जातो. त्या त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढले की काम झाले, असे वाटते. भिलाईत ते होत नाही. देशातील अत्यंत वर्दळीच्या लोहमार्गांपैकी एक त्या वर्तुळाच्या पोटातून जातो. फाटक पाच मिनिटे बंद राहिले तर सगळा प्रतिसादकाळ तिथेच संपतो. पुलांनी आणि भुयारी मार्गांनी ही अडचण कमी होते. पण भुयारी मार्गाची उंची बंबाला पुरेशी आहे का आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचते का, हे प्रश्न उरतातच. त्यामुळे भिलाईचे खरे नियोजन-चित्र वर्तुळाचे नसून रेषेने कापलेल्या दोन अर्धवर्तुळांचे आहे. एका मोठ्या केंद्रापेक्षा रेषेच्या दोन्ही बाजूंना लहान केंद्रे असणे येथे अधिक सयुक्तिक ठरते.

जागा ठरवण्याचे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रगत झाले. १९७१ साली तोरेगास, स्वेन, रेव्हेल आणि बर्गमन यांनी ठरावीक वेळेत सर्व ठिकाणे कव्हेत घेणारी कमीत कमी केंद्रे कशी निवडावीत, याची गणिती मांडणी केली. १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल यांनी प्रश्न उलटा केला : केंद्रे मोजकीच असतील तर अधिकात अधिक लोक कव्हेत कसे येतील? न्यूयॉर्कमधील संशोधनातून ‘वर्गमूळ नियम’ पुढे आला. सरासरी अंतर केंद्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते; म्हणजे अंतर निम्मे करायचे तर केंद्रे चौपट लागतात.

परंतु याच न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात रँड संस्थेच्या प्रतिमानांच्या आधारे काही अग्निशमन तुकड्या बंद करण्यात आल्या, आणि त्यांतील बऱ्याच साउथ ब्राँक्ससारख्या गरीब, दाट वस्त्यांतील होत्या. डेबोरा आणि रॉड्रिक वॉलेस यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात या निर्णयांवर कठोर टीका केली. त्यांच्या मते गरीब वस्त्यांतील आगींची वारंवारता आणि तुकड्यांवरील ताण यांना प्रतिमानात पुरेसे स्थान नव्हते. या वादातून भिलाईसाठी एक गोष्ट निश्चित घेता येते. प्रतिमान काय मोजते, यावर उत्तर अवलंबून असते. केवळ मालमत्तेचे मूल्य मोजले तर बंब कारखान्याकडे जाईल. केवळ अंतर मोजले तर तो नकाशाच्या मध्यावर थांबेल. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि पाण्याची टंचाई मोजली तर तो सुपेल्याकडे, कॅम्पकडे वळेल.

६. भिंतीच्या आतील आणि बाहेरील

यावरून कारखान्याचे दल सुरक्षित आणि बाहेरचे रहिवासी तेवढे असुरक्षित, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात जलवाहिनीतील दाब खाली गेल्यामुळे विषारी वायू उलटा शिरला आणि सहाजण दगावले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्ट्यांच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग भडकली. दहाहून अधिक कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि त्यांत अग्निशमन विभागाचे कर्मचारीही होते. या घटनेत अंतर शून्य होते. दल आगीच्या जवळच नव्हे, कामाच्या जागीच उभे होते. १९४४ च्या गोदीप्रमाणेच येथेही जवळीक जीव वाचवू शकली नाही.

म्हणून ‘आतील’ आणि ‘बाहेरील’ या दोन आगी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत. वायू भिंत मानत नाही. मोठ्या गळतीच्या वेळी आतल्या दलाला बाहेरून कुमक लागेल, आणि बाहेरच्या वस्तीला आतून इशारा. उलट, बाजारपेठेत मोठी आग लागली तर आतल्या दलाचे मनुष्यबळ आणि यंत्रे ही नगराची सर्वांत जवळची शिल्लक असते. छत्तीसगडने २०१८ मध्ये अग्निशमन व आपत्कालीन सेवेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ही सेवा राज्यस्तरीय चौकटीत आणली. नागरी संस्थेकडून राज्याकडे झालेल्या या स्थलांतराने जबाबदारीचा धनी पुन्हा बदलला आहे. लंडनच्या इतिहासाकडे पाहता, धनी बदलण्याचा क्षण हाच वर्तुळे नव्याने काढण्याचा क्षण असतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, अग्निशमन केंद्राची जागा हा यंत्रयुगाने निर्माण केलेला प्रश्न आहे. कर्तव्य नागरिकाकडून संस्थेकडे गेल्यावर तो उद्भवला. म्हणून त्याचे उत्तर देताना ती संस्था कोणाची, हे विचारणे अटळ आहे. दुसरी, भिलाईसारख्या नगरात मोजमापाचे एकक किलोमीटर धरून चालणार नाही. लोहमार्ग ओलांडण्याचा वेळ धरावा लागेल. आणि जिथे आजवर कोणतेही वर्तुळ पोहोचले नाही त्या वस्तीपासून नकाशाची सुरुवात करावी लागेल. जागा नजूल असो वा कारखान्याकडून मागून घेतलेली, तिची निवड उपलब्धतेवरून न होता गरजेवरून व्हावी, हे त्यात ओघानेच येते. तिसरी, जागेइतकाच महत्त्वाचा आहे तो परस्पर साहाय्याचा लेखी करार : कारखान्याच्या फाटकाशी सार्वजनिक बंब आला असता आत कोणाची आज्ञा चालेल, आणि आतला बंब बाहेर कोणाच्या हाकेवर निघेल. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी नेमके हेच ठरलेले नव्हते.

मराठीतील म्हणीने रामेश्वर आणि सोमेश्वर या दोन ठिकाणांची नावे घेतली, पण बंब सोमेश्वरी कोणी ठेवला ते सांगितले नाही. म्हणीला ते सांगण्याची गरज नसते. नियोजनाला असते. भिलाईच्या नकाशावर नव्या केंद्राची खूण करणाऱ्याने त्या खुणेशेजारी तिचे कारणही लिहून ठेवले, तर सुपेल्यातील किंवा कॅम्पमधील दुकानदाराला निदान एवढे विचारता येईल की या वर्तुळात आपले घर आहे की नाही, आणि नसेल तर का नाही.